दर ऑगस्टची जाहिरात

रक्त काढायचं, असं भुजंगनं म्हटल्यावर चांगुणाबाईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"कामून टोचवायलास, बापा? आलास, तेवढं बास हाय."

"टोचू दे, अक्का," बाजेवरून शेजारचा लिंबाजी बोलला. "विद्यापीठाला नाव मिळालं. आता जळालेल्यांना सवलतीबी मिळतील म्हनून कोन कोन लेकरू निघायलंय!"

भुजंगची कानशिलं तापली. वीस-एकवीस वर्षांचा गडी, पूर्णा जंक्शनवर रेल्वेचा खलाशी, म्हणजे मजूर. त्याला सवलत नको होती, आई हवी होती.

"एकदाच, माय," तो म्हणाला.

त्याला वाढवलं किशनराव गँगमननं. मरताना म्हातारा एवढंच बोलला होता, "अठ्ठ्याहत्तरला वस्त्या पेटल्या. मानसं मिळंल त्या गाडीनं पळायली. त्या गर्दीतून तू फलाटावर राहिलास." विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, म्हणून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं जाळली होती. सोळा वर्षांनी नाव दिलं. घरं कुणी दिली नाहीत.

तेव्हापासून सुट्टी मिळाली की भुजंग परभणीच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं उपसायचा. पुढारी सापडले, त्यांची भाषणं सापडली. जळालेल्यांना कोपऱ्यात चार ओळी. मग एकोणऐंशीच्या ऑगस्टात ती जाहिरात दिसली : 'लेकरू हरवलं आहे. बाळा, असशील तिथून ये. आई वाट बघते. चांगुणाबाई, भीमनगर, पिंगळी.' पुढल्या ऑगस्टात तीच. त्याच्या पुढल्यातही तीच. नाव नाही, वय नाही, फोटो नाही. अडाणी बाईला जाहिरात धड कोण लिहून देणार, असं भुजंगला वाटलं.

तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा तिनं एकही खूण विचारली नाही. तोंडावरून हात फिरवला आणि भाकर वाढली.

लिंबाजी मात्र अडून बसला. म्हातारीला फसवायला कुणी भामटा आलाय, हे त्याचं ठाम मत. रेल्वेच्या डॉक्टरची हैदराबादला ओळख होती; तिथं डीएनए काढून आई-लेकराचं नातं सांगत होते. भुजंगलाही तो निकाल हवाच होता, लिंबाजीच्या तोंडावर मारायला.

डॉक्टरनं सुई टोचली तेव्हा चांगुणाबाईनं दुसऱ्या हातानं भुजंगचं मनगट तेवढं घट्ट धरून ठेवलं.

निकाल आला. भुजंग पिंगळीला उतरला. चांगुणाबाई चुलीपुढं, लिंबाजी बाजेवर.

"जुळलं न्हाई," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मी तुमचा न्हाई. माफ करा, मावशी."

तो वळला, तशी तिनं त्याची पिशवी धरली. "बस. भाकर गरम हाय."

"आईकलं का तुमी? जुळलं न्हाई."

"ते मला ठावंच हुतं."

"मग तुमचं लेकरू?"

"ते त्या आगीतच गेलं. म्या माझ्या हातानं माती दिली."

लिंबाजी ताडकन उठला. "आन् मग इतकी वर्सं जाहिरात कामून द्यायलीस, अक्का?"

चांगुणाबाईनं तव्यावरली भाकर उलटली.

"पळापळीत लय लेकरं चुकली हुती, लिंबा. एखादं वाचायला शिकंल, म्हनलं. आपल्याला कुनी हुडकलंच न्हाई, असं त्याला वाटू नये."