अकरा नंबरची बरणी

"हात नका लावू मावशी." शादाब तिसऱ्यांदा सांगत होता.

मावशी ऐकायच्या मूडमध्ये नव्हती. तिने अख्खा पंजा बरणीवर ठेवला, तशी तिची हिरवी काकणं काचेवर वाजली. आत फुफ्फुसाची एक उभी फाक तरंगत होती. काळपट, भोकाभोकाची, करपलेल्या भाकरीसारखी. खाली चिठ्ठी होती: क्रमांक अकरा, पुरुष, वय चव्वेचाळीस.

"हे माज्या मालकाचं हाय," ती म्हणाली. "मी घेऊन जानार."

शादाबची ड्युटी तशी फालतू होती. हॉस्पिटलच्या हॉलबाहेर टेबलावर एकोणीस बरण्या, आणि त्यांच्यामागे युनिफॉर्ममध्ये तो. आत डॉक्टर प्रियदर्शिनींचा सत्कार चालला होता. बावीस वर्षं ही बाई लोकांची फुफ्फुसं काढतेय, दुसरी बसवतेय, आणि काढलेल्यांवर अभ्यास करून जगभर छापून आणतेय. आज बाहेरच्या देशातले डॉक्टर आले होते. पहिल्या रांगेत मास्क लावलेले पेशंट बसवले होते, त्यात एक खुर्ची रिकामी. सुपरवायझरने सकाळीच दम भरला होता, एक बरणी जरी हलली तरी उद्यापासून येऊ नकोस.

"कुठून आलात?" शादाबने विचारलं.

"सारसोळ्यावरनं. पुतळा नाव माजं. पाच वर्सं झाली हे काढलं, आन हितं बाजारात मांडल्यावानी मांडलंय."

"पण नेऊन करणार काय?"

"ज्याचं हाय त्याला देनार."

सारसोळ्याची जेटी त्याने बघितली होती. ओहोटीला चिखल, भरतीला पाणी. तिथे उभी राहून ही बाई पाण्यात बरणी उपडी करताना त्याला डोळ्यांसमोर दिसली.

त्याचे अब्बा द्रोणागिरीच्या गोदामात पोती उचलायचे. खोकत खोकत गेले. तिकडच्या एका हॉस्पिटलने तपासायला म्हणून छातीतला तुकडा काढून ठेवला, तो परत आलाच नाही. मूठमूठ माती टाकताना शादाबला तेच खुपत होतं. बाप पूर्ण गेला नाही. कोणाच्या तरी फ्रीजमध्ये थोडा राहिलाय.

तेवढ्यात डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. गळ्यात हार, हातात मोबाईल.

"अरे, पुतळाताई! इथे काय उभ्या? आत चला."

"आत नाय येनार. मला हे पायजे."

डॉक्टरांनी बरणीकडे बघितलं. हसू गेलं. "ते नाही देता येत. त्यांची सही आहे कागदावर. संशोधनासाठी दिलंय त्यांनी."

"सही त्याची. भोगतेय मी."

"चार वर्षं काम केलंय मी याच्यावर, ताई. पुढच्या पेशंटना उपयोग होतोय."

"पुढच्यांना होत आसंल. आमाला काय उपेग झाला, तेवडं सांगा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. एकदम थोबाडीत बसल्यासारखा. "असं म्हणता तुम्ही? तुम्ही?"

आतून माईकवर त्यांचं नाव पुकारलं. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "काय झालंय ते नंतर सांगा. पण बरणी जागची हलणार नाही." दार बंद झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांनी शादाबचं डोकं सटकलं. हिचा माणूस बरणीत, आणि ह्यांना हारतुरे. बाईने साधं मागितलंय, तर म्हणे संशोधन.

पुतळाच्या मोबाईलचा अलार्म वाजला. दहा. तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, तिच्याकडे बघितलं, दात ओठ खाल्ले आणि परत आत टाकली. रागाच्या भरात बिचारी बीपीची गोळीपण घेत नाही, शादाबला वाटलं.

"पिशवी आहे?" त्याने हळूच विचारलं.

तिने वर बघितलं.

"मागच्या जिन्याने जा. कोणी विचारलं तर लोणचं आहे सांगा."

"आन तुजी नोकरी?"

"नोकऱ्या मिळतात मावशी."

त्याने बरणी तिच्या कापडी पिशवीत ठेवली. रिकाम्या जागेवर कोणाचा तरी बुके सरकवला. पुतळा थांबली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून निघाली.

पाच मिनिटं नीट गेली. मग सुपरवायझर आला. एक एक बरणी बघत आला आणि बुकेपाशी थांबला.

"शादाब, दहाच्यापुढे डायरेक्ट बारा कसा काय?"

"जिचं होतं ती घेऊन गेली."

"येडा झालास काय? कोण घेऊन गेली?"

शादाबने टोपी काढून टेबलावर ठेवली. "नवऱ्याला न्यायला आली होती. मी दिला. लिहा काय लिहायचं ते." आणि मागच्या जिन्याने तडक खाली उतरला. वाटलं, निदान मावशीला रिक्षात बसवू. जेटीपर्यंत सोबत जाऊ. असल्या वेळी बाईमाणूस एकटं नको.

गेटबाहेर रिक्षांची लाईन होती. पुतळा तिकडे वळलीच नाही. पिशवी पोटाशी धरून तिने रस्ता ओलांडला आणि समोरच्या पानटपरीच्या मागे गेली. शादाब तिच्या मागोमाग धावला.

टपरीआड एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. नवाकोरा शर्ट, खिशाला सत्काराच्या पाहुण्यांचा बिल्ला, मास्क हनुवटीवर, बोटात पेटती सिगरेट. पुतळाला बघून त्याने हात पाठीमागे नेला.

तिने बरणी काढून त्याच्यासमोर फळीवर आदळली. बाजूला गोळ्यांची पट्टी फेकली.

"हे तुजं व्हतं. जाळलंस," ती म्हणाली. "आता छातीत हाय ते दुसऱ्या बाईच्या पोराचं हाय."