कंबर तीस

इतवाऱ्यातल्या शिलाईच्या दुकानात उमैमा भर दुपारी लॅपटॉप घेऊन बसली होती. दुकानाच्या पेजवर येणाऱ्या मेसेजला आपोआप उत्तर देणारा बॉट तिनं नुकताच जोडला होता. त्याला तिनं तीनच उत्तरं शिकवली होती: सलाम, पत्ता आणि दुकानाची वेळ.

"झालं का गं?" कापड बेतता बेतता अब्बांनी विचारलं.

"हाव अब्बा, तपासून राहिले."

तिनं फोनवरून बॉटला लिहिलं, "सलाम."

उत्तर आलं, "खांदा चौदा. डावीकडं अर्धा इंच उतरता. कंबर तीस."

उमैमानं ते पुन्हा वाचलं. तिचा डावा खांदा किंचित उतरता आहे, हे तिचे फ्रॉक शिवणाऱ्या अम्मीलाच तेवढं ठाऊक होतं. पण अम्मी गेली तेव्हा उमैमा सात वर्षांची होती.

अब्बांना काही न सांगता ती फोन घेऊन पडद्यामागं गेली. खुंटीवरची अम्मीची मापाची पट्टी काढून तिनं कमरेला गुंडाळली आणि लहानपणच्या सवयीनं पोट आत ओढलं. पट्टी अठ्ठावीसवर आली.

हातातला फोन हलकेच थरथरला.

"पोट आत ओढू नको, बेटा. श्वास सोड."