डोंगळ्यातला रस

रंगनाथनं निफाडच्या मळ्यात बियाण्यासाठी लावलेले कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलोऱ्याचे दांडे, नुकतेच पांढरेशुभ्र फुलले होते. शेजारच्या बांधावर धाकट्या भावानं, सुदामनं मधमाशांच्या पेट्या ठेवल्या होत्या आणि त्या माशा दिवसभर रंगनाथच्याच फुलांवर घोंगावत होत्या. फुलं आपली आणि मध सुदामच्या बरणीत, हे काही त्याच्या मनातून जाईना.

"सख्खा भाऊ हाय, अन् माझ्या डोंगळ्यातला रस पळवतोय," तो बायकोला म्हणाला. "मग बी कशानं भरायचं?"

"भावजी तर म्हणत होते, माशी बसल्याबिगर बीच धरत नाय," चंद्रभागा म्हणाली.

"नेणारा असंच सांगणार."

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात, माशा फुलांवर असतानाच, त्यानं डोंगळ्यांवर औषध फवारलं. सुदाम ओंजळभर मेलेल्या माशा घेऊन बांधावर आला आणि त्या भावापुढं ठेवून रिकाम्या पेट्या टेम्पोत भरून निघून गेला. रंगनाथला त्या रात्री शांत झोप लागली.

पुढं डोंगळे वाळले. रंगनाथनं एक गोंडा तोडला, तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. फोलपट उडून गेलं आणि तळहात मोकळा राहिला. त्यानं दुसरा चोळला, मग वाफ्याच्या पार त्या टोकाचा. काळं बी कुठंच नव्हतं. त्यानं बांधावरून बायकोला हाक मारली.

 

"बघितलंस?" तो चंद्रभागेला म्हणाला. "जाता जाता बीसुद्धा घेऊन गेला."