फांदीचा रकाना

दोन हजार तेवीस सालचा मार्च, शेवटचा रविवार. संध्याकाळचे पावणेपाच वाजले होते आणि कराडच्या जास्वंद मंडळाचे सभासद अजून एक्केचाळीसच होते.

सहापर्यंत पन्नास व्हायला हवे होते. वाचनालयामागची जागा मंडळाला तीस वर्षांपूर्वी मिळाली ती याच अटीवर. पन्नासाच्या खाली गेलात तर जागा परत. करोनात काही सभासद गेले, काही मुलांकडे पुण्याला राहायला गेले. वाचनालयाच्या विश्वस्तांनी तिथे दुचाक्या लावायचं ठरवलं होतं आणि फक्कीने रेघाही मारून घेतल्या होत्या. एक रेघ सरळ कुंड्यांच्या रांगेतून गेली होती.

रशीदा आतार त्या रेघेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. वय बहात्तर, तिसरा रोजा, ओठ सुकलेले. इथल्या एकशे सहा कुंड्या त्या सांभाळत. प्रत्येक कुंडीला पत्र्याची पट्टी होती आणि पट्टीवर फुलाचं नाव नव्हतं, फांदी देणाऱ्याचं होतं. सभासद व्हायचं तर आपल्या दारातल्या जास्वंदीची फांदी आणायची, इथे लावायची आणि इथली एक घेऊन जायची, असा मंडळाचा नियम. म्हणून ऑनलाइन सभासद करायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. अर्जात फांदीचा रकाना हवा, आणि आपल्या झाडाचा फोटो लावल्याशिवाय अर्ज पुढे जाता कामा नये.

मंडळाचे सचिव नानासो, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, फाटकापासून कुंड्यांपर्यंत येरझारा घालत होते. अर्ज तयार करणारी त्यांची नात क्रांती मोबाइल घेऊन पायरीवर बसली होती.

"किती झालं गं?"

"एक्केचाळीस, आबा. मघाशी पण एक्केचाळीसच होते."

"आठ दिस झालं लिंक फिरतीया. कुणालाच जास्वंद नको व्हय?"

"हवीय की. सदतीस जणांनी अर्ज उघडलाय. नाव लिहिलंय, गाव लिहिलंय." क्रांती रशीदाबींकडे न बघता म्हणाली, "सगळे फांदीच्या रकान्यापाशी थांबलेत."

तेवढ्यात नानासोंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"आवं, जास्वंदीचं मंडळ तुमचंच न्हवं? मी जतवरनं बनुबाई बोलतीया. तुमचा फारम म्होरं जाईना."

"झाडाचा फोटू लावा की."

"कुठल्या झाडाचा?"

"तुमच्या दारातल्या."

"दारात बाभळ हाय. चालती का?"

क्रांतीला हसू फुटलं. नानासो तडकले. "बाभळ कशी चालंल बाई? जास्वंद पायजे."

"जास्वंद असती तर तुमच्या मागं कशाला लागली असती, दादा? लेकीनं मोबाइलवर फूल दावलं. ताटलीएवढं. खरंच एवढं असतंय व्हय?"

नानासोंनी फोन रशीदाबींच्या हातात दिला.

"असतंय," त्या म्हणाल्या. "सकाळी उमलतंय, सांजंला मिटतंय. एकच दिवस."

"मंग रोज नवं बघाया मिळंल की!"

फोनवर हात ठेवून नानासो हळूच म्हणाले, "भाभी, काढायचा का तो रकाना? पाच वाजलं."

"काढला तर ह्या पट्ट्यांवर काय लिहायचं, नानासो? दुकानातनं आणलं म्हणून?" त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग फोन पुन्हा तोंडाजवळ नेला. "बनुबाई, फांदी द्यावीच लागंल. आज न्हाई तर न्हाई. कवा देशील तेवढं सांग."

पलीकडे कळशी ठेवल्याचा आवाज आला.

"पाणी आल्यावर."

"म्हंजी कवा?" नानासोंना राहवेना.

"तुमास्नी म्हायती असलं तर मलाबी सांगा, दादा."

रशीदाबींनी फोन परत दिला. "क्रांती, फोटूचं काढ. तिथं लिही, फांदी कवा देणार? जो जे लिहील ते घे."

दहा मिनिटांत रकाना बदलला आणि सदतीस जणांना निरोप गेले. पहिला अर्ज जतचा आला. मग कुणी लिहिलं, घराला अंगण झाल्यावर. कुणी लिहिलं, बदली होऊन गावी आल्यावर. एकाने लिहिलं, सूनबाई हो म्हणाल्या की. पावणेसहाला अठ्ठेचाळीस झाले आणि मग मोबाइल गप्प बसला. रशीदाबींनी स्टुलाची कड घट्ट धरली होती. नानासो येरझारा थांबवून उभे राहिले. फाटकाबाहेर विश्वस्तांचा माणूस घड्याळ बघत होता.

सहाला त्याच्या हातात दिलेल्या यादीत बावन्न नावं होती. रोजा सोडायला अजून पाऊण तास होता.

जागा मंडळाकडे राहिली. नानासो पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या पट्टीची कुंडी मुलाने मलकापूरला दारात नेऊन ठेवली. क्रांती हैदराबादला असते आणि तिथूनच अर्ज बघते. रशीदाबींचे गुडघे आता चालत नाहीत, आठवड्यातून एकदा रिक्षाने येतात. त्या दिवशीच्या अकरांपैकी चौघांनी फांदी दिली, सहाजण पुन्हा बोलले नाहीत.

बनुबाईची फांदी अजून आलेली नाही. नानासोंनी जतच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेलं रोप तिनं टँकर उभा राहतो त्या जागेच्या कडेला लावलं, कारण टँकरची तोटी गळते. आता टँकरवाला आधीसारखा मधे न थांबता नेमका त्या झाडापाशीच गाडी थांबवतो. बायकांना कळशी घेऊन दहा पावलं जास्त चालावं लागतं. कुणी कुरकुर करत नाही.