सतारीची जागा

सुचेताकाकूंना गाडीत उलटी झाली तेव्हा गुरुजींनी आधी सतार सावरली.

ईशानीने पळसदरीच्या पुढे एका झाडाच्या सावलीला गाडी घेतली आणि उतरून मागचं दार उघडलं. आंबट वास अंगावर आला. काकूंच्या साडीवर, सीटच्या कडेला, खाली पायपुसण्यावर उलटी पसरली होती. काकू डोळे मिटून सीटला टेकल्या होत्या. चेहरा घामाने निथळत होता. त्यांचे यजमान, म्हणजे ईशानीचे गुरुजी, दुसऱ्या दाराने आत वाकले होते. सतारीच्या दुलईचं एक टोक चिमटीत धरून ते रुमालाने पुसत होते. पुन्हा पुन्हा पुसत होते.

"भोपळ्याला नाही लागलं," ते म्हणाले. "थोडक्यात वाचली."

शाळेत असल्यापासून ईशानी कर्जतहून भिवपुरीला त्यांच्याकडे सतार शिकायला जात होती. आज खालापूरला त्यांचा कार्यक्रम होता आणि पहिल्यांदाच ते तिला आपल्या शेजारी बसवणार होते. गुरुजी शेजारी बसवतात म्हणजे शिष्य म्हणून पत्करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिची सतार आयोजकांनी सकाळीच टेंपोतून नेली होती. गुरुजींची सतार टेंपोतून जात नसे. तारा सैल करून, दुलईत गुंडाळून त्यांनी ती मागच्या सीटवर आडवी ठेवली होती. हिसका बसू नये म्हणून भोपळा काकूंच्या मांडीवर. ए.सी. लावायचा नाही, कोरड्या हवेने लाकूड तडकतं. काच उघडायची नाही, धूळ जाते. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं.

कर्जत सोडतानाच काकू म्हणाल्या होत्या, "अहो, मला गरगरतंय."

"थोडं सोस," गुरुजी पुढच्या सीटवरून म्हणाले होते. काचेचं बटण ईशानीच्या हाताशी होतं. तिने ते दाबलं नव्हतं.

रस्त्याकडेला ताडगोळे विकत बसलेली एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली. तिने काकूंचं तोंड धुतलं, पदर पुसला, कपाळाला हात लावला.

"अंग गार पडलंय गं. डाक्टरकडं न्या बेगीन." मग तिचं लक्ष दुलईकडे गेलं. "आनि ह्यो कोन निजलाय? त्याला उठवा नि बाईला आडवी करा."

"सतार आहे ती," गुरुजी म्हणाले.

बाई पुन्हा काकूंकडे वळली आणि पदराने त्यांना वारा घालू लागली.

"काकूंना पुढे बसव, ईशानी. मी मागे सतार धरून बसतो."

"त्यांना बसवत नाहीये, गुरुजी."

ईशानीने सतार उचलून त्यांच्या हातात दिली आणि काकूंना मागच्या सीटवर आडवं केलं. सतार घेऊन पुढे बसायचा प्रयत्न गुरुजींनी करून पाहिला. दांडी दाराच्या चौकटीला घासायला लागली तसे ते घाईघाईने खाली उतरले.

"तू हो पुढे. मी रिक्षा बघतो. हिला असल्या उन्हात ठेवून चालणार नाही."

क्षणभर ईशानीला वाटलं, ते काकूंबद्दल बोलताहेत.

खोपोलीच्या एका लहानशा दवाखान्यात काकूंना सलाईन लावलं. साखर फार खाली गेली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. निघायची घाई होती, सतारीचं आवरण्यात मदत करायची होती, त्यात खायचं राहून गेलं, असं त्या पुटपुटल्या. ईशानीने बाहेर जाऊन बादलीभर पाण्याने गाडी धुतली. हाताने सीट घासली. तिला जराही किळस वाटली नाही.

ती परत आत आली आणि पाठोपाठ, तिने फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर, गुरुजी आले. सतार त्यांनी छातीशी धरली होती. खाटांच्या मधून वाट काढत ते आले आणि पहिल्यांदा नर्सशी बोलले.

"ही कुठे ठेवू?"

बाकावर माणसं बसली होती. फरशी नुकतीच पुसलेली होती, ओली होती. नर्सने खांदे उडवले. गुरुजी काकूंच्या खाटेजवळ येऊन उभे राहिले. सलाईनच्या बाटलीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"बरं वाटतंय ना आता? काकू बघतील हो स्वतःचं. ईशानी, आपण निघू या. तारा जुळवायला वेळ लागेल." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ईशानीने खांदा आक्रसून घेतला. निघताना सकाळी ती याच माणसाच्या पाया पडली होती. आता तिला त्या हाताची किळस आली.

बोलण्याच्या आवाजाने काकूंनी डोळे उघडले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सतारीकडे. कुणी काही सांगितलं नव्हतं. सुई टोचलेला हात सांभाळत त्या हळूहळू भिंतीकडे सरकल्या, अंग चोरून एका कुशीवर झाल्या. खाटेवर एक लांब, अरुंद जागा मोकळी झाली.

"हां, इथे राहील," गुरुजी म्हणाले.

सतार ठेवायला ते वाकले, तोवर ईशानी त्या जागेवर बसली होती.