पंचाण्णव फूट

ही २०२२ सालची गोष्ट. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. राजूरजवळच्या एका बंद कोळसा खाणीच्या खड्ड्यात शाम बुडाला, त्याचा तो तिसरा दिवस.

नागपूरहून आलेला पाणबुड्या अश्वजित वर आला. तोंडातली नळी काढून तो काठाच्या मुरमावर बसला. शामची आई लालीबाई त्याच्यासमोर उभी राहिली. तांड्यात तिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत.

"दिसला काय, बाबू?"

"दिसला, याडी. मोटारीच्या पाइपाखाली अडकून आहे."

"मंग आणला काहून नाही?"

"मी पंचाण्णव फुटांवर थांबलो. तो अजून पंचवीस फूट खाली आहे."

"पंचवीस फूट?" लालीबाई म्हणाली. "माह्या घरापासून हापशी याच्याहून लांब आहे."

अश्वजितने पाठीवरचे सिलिंडर उतरवले. साध्या हवेत एकवीस टक्के प्राणवायू असतो. त्याने छत्तीस टक्क्यांचा भरून आणला होता. तळाशी जास्त वेळ शोधता यावे म्हणून. पण अशी हवा घेऊन फार खोल जाता येत नाही. पंचाण्णव फुटांच्या खाली पाण्याच्या दाबाने तोच प्राणवायू विषासारखा चढतो.

"झटके येतात, याडी. नळी तोंडातून सुटते. मग एकाच्या जागी दोघं राहू खाली."

"दवाखान्यात ऑक्सिजन लावला का माणूस वाचते. तू त जास्तीचा घेऊन उतरला, अन् तोच तुले मारते म्हन्तं?"

"हो."

"मंग साधी हवा आणाची होती."

अश्वजितने शामच्या बापाकडे पाहिले. "काका, तुम्ही फोनवर ऐंशी फूट सांगितलं होतं."

"ऐंशीच होतं," डोंगरसिंग म्हणाला.

दर मे महिन्यात तांड्यातली माणसे दगड बांधलेली दोरी खड्ड्यात सोडून पाणी मोजत. शेतासाठी पाणी उपसणाऱ्या मोटारीला पाइप किती लागेल ते त्यावर ठरे. तो आकडा डोंगरसिंगला तोंडपाठ होता. मधल्या पावसात पाणी चाळीस फूट चढले, तेही त्याने याच काठावर उभे राहून पाहिले होते. तरी फोनवर विचारल्याबरोबर त्याच्या तोंडून मे महिन्यातला आकडा गेला. अश्वजितनेही उतरण्याआधी दोरी टाकली नव्हती.

"साध्या हवेचे सिलिंडर उद्या दुपारपर्यंत येतात," अश्वजित म्हणाला. "उद्या काढतो त्याला."

"काढजो बाबू. लग्न नाही झालं त्याचं. आमच्यात अशाले जाळत नाही, माती देते. मले माती देऊ दे."

त्याच संध्याकाळी पलीकडची कड खचली. मातीचा अख्खा डोंगर पाण्यात गेला आणि पाणी दुधाच्या चहासारखे झाले. सकाळी खड्ड्याभोवती तार लागली, उतरायला मनाई झाली. दुपारी सिलिंडर आले. अश्वजित चार वाजेपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिला, मग गाडीत चढवून घेऊन गेला.

तो अजूनही पाण्यात उतरतो. कुठेही पोचला की आधी स्वतःच्या हाताने दोरी टाकतो. डोंगरसिंग दुसऱ्या वर्षी वारला. शेवटी शेवटी तो कुठलाच आकडा तोंडातून काढत नसे. वय विचारले तरी बायकोकडे बघायचा.

तांड्याने त्या खड्ड्यावरची मोटार कायमची काढली. ज्या पाण्यात आपला माणूस आहे ते शेतातल्या पऱ्हाटीला कसे द्यायचे? उपसा थांबला, तेव्हापासून पाणी उन्हाळ्यातही उतरत नाही.

लालीबाई दर मे महिन्यात घरोघर फिरते. "मोटार लावा रे," म्हणते. "रातंदिवस चालवा."

बाया तिला बसायला देतात, चहा ठेवतात. मोटार कोणी लावत नाही.