अंगणातली चटई

उजाडायच्या आत किरिसोमे पेलेनातोच्या अंगणात जाऊन बसला. मांडी घातली, मान खाली घातली आणि डोक्यावरून चटई ओढून घेतली. आता ती घरातल्या माणसांनी उचलायची. उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर तसंच बसून राहायचं. याला इफोंगा म्हणतात, आणि आमच्या सामोआत खून करणाऱ्याच्या घरच्यांनाही ही वाट मोकळी असते.

किरिसोमेने खून केला नव्हता. एकोणीस वर्षांचा पोरगा. सामोआहून या परक्या देशात येऊन दहा महिने झालेले, रग्बी लीगच्या मोठ्या संघातून दुसराच सामना. समोरच्या संघातला पेलेनातो चेंडू घेऊन आला, किरिसोमेने त्याच्या पायात शिरून त्याला आडवा केला आणि नडगी मोडली. तो आवाज त्याने ऐकला. पंचाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. "नियमातली पकड होती, विसर आता," प्रशिक्षक म्हणाला.

विसरणार कसं? सामन्याआधी त्याच पेलेनातोने त्याला गाठून आपल्या भाषेत विचारलं होतं, "कुठल्या गावचा रे तू, बैलोबा?" संघात सामोआची आणखी दोन पोरं होती, पण ती इथेच जन्मलेली, त्यांना गावं ठाऊक नव्हती. दहा महिन्यांत त्याच्या गावाचं नाव विचारणारा हा पहिलाच माणूस, आणि त्याचाच पाय मोडला. त्यानंतर आठ दिवस सरावात किरिसोमेचे हात कोणाला धरायलाच तयार होईनात.

त्याने बापाला फोन केला.

"आम्ही येतो," बाप म्हणाला. "गावची मोठी माणसं घेऊन येतो. तिकडे यायचे कागद व्हायला दोन महिने लागतील, तोवर दम धर."

"दोन महिने नाही निघायचे, बाबा."

"मग काय एकटा बसणार? अरे, इफोंगाला मागे अख्खं कूळ बसतं. एकट्याने बसण्याला माफी मागणं नाही म्हणत, भीक मागणं म्हणतात. आमचं नाक कापू नकोस."

बापाचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. गादी उचलून खालची चटई काढली. निघताना आईने दिलेली, आजीने दोन वर्षं बसून विणलेली. दहा महिने तो तिच्यावरच झोपत होता. मन फारच जड झालं की गादीचा कोपरा उचलून वास घ्यायचा. वाळलेल्या केवड्याच्या पानांचा, खोबरेल तेलाचा, चुलीच्या धुराचा. मग त्याला झोप यायची. आता ती गुंडाळून त्याने बस पकडली. खेळायचे बूटही बरोबर घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत चटई उचलली गेली नाही तर सरळ सामोआला परतायचं, खेळ संपला, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

दिवस रविवारचा होता. घर हळूहळू जागं झालं. नारळाच्या दुधात काहीतरी शिजायला लागलं. एका बाईने मुलांना उठवलं, मग ओरडली, मग उलथनं दाखवून धमकावलं असावं, कारण आतून हसण्याचा आवाज आला. त्या ओरडण्यातला शब्द न् शब्द किरिसोमेला कळत होता. आपल्यालाही कोणी असं ओरडावं म्हणून त्याचा जीव किती तुटत होता, ते त्याला चटईखालीच उमगलं. दहा पावलांवर घर होतं. आत जायची सोय नव्हती.

"आई, अंगणात चटई बसलीय!" एक पोरगी किंचाळली. "तिला पाय आहेत! केवढे मोठ्ठे!"

"गप. आत ये आधी."

मग जोड्यांचा आवाज आला आणि समोर थांबला. घरधनी, पेलेनातोचा बाप, चर्चला निघाला होता.

"बाकीचे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," किरिसोमे चटईतून म्हणाला. "मी एकटाच आहे."

"ज्याच्यामागे कोणी नाही, त्याला मी माफ करू म्हणजे कोणाला करू?" असं म्हणून तो गेला. पोरं गाडीत बसली. गाडी गेली.

ऊन चढलं. घाम डोळ्यांत उतरायला लागला, पाय बधिर झाले. बापाचं खरं होतं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात गवतावर अनवाणी पावलं वाजली आणि चटईची कड वर झाली. पण चटई पूर्ण उचललीच गेली नाही. एक लठ्ठ बाई धापा टाकत आत शिरली, त्याच्या शेजारी बसली आणि तिने चटई दोघांच्या डोक्यावरून नीट ओढून घेतली.

"सरक की जरा," तिने कोपर मारलं. "सगळी जागा अडवून बसलायस."

सकाळी ओरडत होती ती हीच बाई. पेलेनातोची आई, मोएलांगी.

"तुम्ही इथे नका बसू," तो घाबरून म्हणाला. "तुम्ही तर उचलायची."

"एकट्याने बसायची रीत नाही. घरी सांगितलं नाही तुला कोणी?"

"सांगितलं."

"मग? कोणीतरी नको का तुझ्या बाजूने?" असं म्हणून तिने त्याच्यासारखीच मान खाली घातली.

किरिसोमेला रडू आवरेना. तिने ते आवरायलाही सांगितलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मग आता उचलणार कोण?"

घरातून लाकूड फरशीवर आपटल्याचा आवाज आला. एक. थोड्या वेळाने दुसरा.

"हलू नकोस," मोएलांगी म्हणाली. "येतोय तो. कुबड्यांवर आहे, वेळ लागेल."